सेकंदांचा हिशोब ठेवणारा माणूस : फ्रेडरिक टेलर

व्ही टी रेज्ड टू एन इज इक्वल टू सी! मेकॅनिकल किंवा प्रॉडक्शनला असाल तर हे समीकरण झोपेतून उठवून विचारलं तरी सांगाल. टूल किती वेळ टिकेल हे काढायचं ते टेलरचं टूल लाइफ इक्वेशन. व्ही म्हणजे कटिंग स्पीड आणि टी म्हणजे टूलचं आयुष्य, मिनिटांत. परीक्षेला हमखास येतं म्हणून आपण पाठ करतो आणि पुढे जातो. मग इंडस्ट्रियल इंजिनिअरिंगमध्ये टाइम स्टडी येते, तिथे पुन्हा टेलर. मॅनेजमेंटच्या पेपरात सायंटिफिक मॅनेजमेंटचा जनक कोण? परत टेलर! हे तिघं वेगवेगळे असावेत असं पुष्कळांना वाटतं. पण नाही, माणूस एकच. (मॅथ्समधली टेलर सिरीज मात्र याची नव्हे हं! ती ब्रूक टेलरची, आणि तो १७३१ सालीच वारला.)

आपल्या पुस्तकात या माणसाला एक चौकट आणि चार ओळी मिळतात. जन्म, मृत्यू, चार तत्त्वं, संपलं. पण त्याच्याबद्दल थोडं जास्त वाचलं, तेव्हा माझ्या लक्षात आलं की आपण शिकतो ती टाइम स्टडीची शीट, ते अलाउन्सेस, ते स्टँडर्ड टाइम हे नुसते फॉर्म्युले नाहीत. त्यांच्यामागे एक भांडण आहे. माणसाच्या दिवसातली दहा तास मिनिटं कुणाची? त्याची की कारखान्याची? आणि ती मोजायची कुणी? वर्षा-दोन वर्षांत आपल्यापैकी कितीतरी जण ट्रेनी इंजिनिअर म्हणून शॉप फ्लोअरवर उभे राहणार आहेत, आणि घड्याळ आपल्याच हातात असणार आहे. म्हणून हे भांडण माहीत असलेलं बरं.

फ्रेडरिक विन्स्लो टेलरचा जन्म २० मार्च १८५६ रोजी अमेरिकेत फिलाडेल्फियातल्या जर्मनटाउनमध्ये झाला. घर क्वेकर पंथाचं आणि चांगलं सुखवस्तू. वडील वकील, आई गुलामगिरीविरुद्धच्या चळवळीतली. लहानपणी तो घरच्यांबरोबर जवळजवळ तीन वर्षं युरोपात फिरला. म्हणजे हातात हातोडा धरायची वेळ यावी असं काहीच नव्हतं. पण मुलगा पहिल्यापासून वेगळा. चालताना पावलं मोजायचा, कुठल्या चालीनं कमी दमायला होतं ते बघायचा. मुलं क्रोके खेळायची तेव्हा हा आधी कोन काढत बसायचा. रात्री वाईट स्वप्नं पडत. पाठीवर झोपलं की ती पडतात असं त्याच्या लक्षात आलं, तर त्यानं लाकडी टोकं लावलेला एक पट्टा तयार केला. पाठीवर वळलं की टोकं टोचायची आणि जाग यायची! आपण हसतो, पण सगळा टेलर या पट्ट्यात आहे. अडचण आली की तिचं निरीक्षण करायचं, कारण शोधायचं, आणि मग उपाय कितीही त्रासाचा असला तरी तो लागू करायचा.

वकील व्हायचं म्हणून तो फिलिप्स एक्झिटर अकॅडमीत शिकला. १८७४ मध्ये हार्वर्डची प्रवेश परीक्षा उत्तम रीतीनं पास झाला. पण रात्र-रात्र अभ्यास करून डोळे बिघडले, डोकं दुखायला लागलं. हार्वर्ड राहून गेलं आणि हा श्रीमंताचा मुलगा फिलाडेल्फियातल्या पंप बनवणाऱ्या एका छोट्या कारखान्यात अप्रेंटिस म्हणून लागला. पॅटर्नमेकिंग आणि मशिनिस्टचं काम चार वर्षं शिकला. १८७८ मध्ये तो मिडव्हेल स्टील कंपनीत साधा कामगार म्हणून गेला. तिथून मात्र गाडी सुसाट सुटली. क्लार्क, लेथ ऑपरेटर, गँग बॉस, फोरमन आणि १८८४ मध्ये, वयाच्या अठ्ठाविसाव्या वर्षी, चीफ इंजिनिअर! मध्येच कॉलेजात न बसता, घरी अभ्यास करून त्यानं स्टीव्हन्स इन्स्टिट्यूटची मेकॅनिकलची डिग्री घेतली (१८८३). मध्येच म्हणजे १८८१ मध्ये अमेरिकेच्या पहिल्यावहिल्या राष्ट्रीय टेनिस स्पर्धेत डबल्सचं विजेतेपदही मिळवलं. १९०० च्या ऑलिंपिकमध्ये गोल्फला चौथा आला तो वेगळाच. अटेंडन्स आणि सबमिशनमध्ये आपली दमछाक होते, आणि हा बाबा!

आता मुख्य गोष्ट. लेथवर काम करत असताना टेलरनं एक गोष्ट आतून पाहिली होती. कामगार जेवढं काम करू शकतात त्याच्या साधारण एक तृतीयांशच करतात, आणि तेही ठरवून. आपल्याकडे याला अंग चोरणं म्हणतात. पण टेलर एवढ्यावर थांबला नाही. ते असं का करतात हेही त्याला कळत होतं, कारण तो त्यांच्यातलाच एक होता. समजा नगाला दोन आणे मिळतात आणि मी दिवसाला दहा नग करते. एके दिवशी जोर लावून वीस केले. मालकाच्या डोळ्यात ते येतं, आणि पुढच्या महिन्यात नगाचा दर एक आण्यावर येतो. आता तेवढ्याच पैशांना मला रोज वीस करावे लागणार. मग कोण कशाला जोर लावेल? म्हणजे अंग चोरणं हा आळस नव्हता, तो साधा हिशोब होता.

टेलर गँग बॉस झाला आणि त्यानं ठरवलं की काम वाढवायचंच. कालपर्यंतचे सोबती आता समोर उभे राहिले. दोन-तीन वर्षं भांडण चाललं. त्यानं दर कापले, नवीन माणसं शिकवली, दंड लावले. उलट बाजूनं मशिन मोडायला लागली. रात्री एकटं घरी जाऊ नकोस असं त्याला लोक सांगायचे, तरी तो रेल्वेरुळाच्या कडेनं अडीच मैल एकटाच चालत जायचा. शेवटी तो जिंकला, पण तोंड कडू झालं. त्याचं निदान असं होतं की भांडणाचं मूळ एकच आहे : एका दिवसाचं योग्य काम म्हणजे किती, हे मालकालाही माहीत नाही आणि कामगार सांगत नाही. मग ते मोजायचं. मिडव्हेलचे प्रमुख विल्यम सेलर्स यांनी परवानगी दिली आणि १८८१ च्या सुमारास स्टॉपवॉच कारखान्यात शिरलं.

घड्याळं कारखान्यात आधीही होती, पण ती भिंतीवर होती. भोंगा झाला की आत, भोंगा झाला की बाहेर. मधल्या वेळात काय चाललंय ते फोरमनच्या डोळ्यांपुरतं. टेलरनं घड्याळ भिंतीवरून काढून हातात घेतलं आणि कामाच्या आत घातलं. वाका, उचला, वळा, चाला, ठेवा. प्रत्येक तुकड्याचा वेगळा वेळ. नको ते तुकडे काढून टाकायचे, उरलेल्यांची बेरीज करायची, थोडा वेळ विश्रांती आणि अडथळ्यांसाठी धरायचा. झाला स्टँडर्ड टाइम! आपण प्रॅक्टिकलला जे करतो ते हेच.

याच वेळी त्यानं मेटल कटिंगचे प्रयोग सुरू केले. सहा महिन्यांत उरकतील असं वाटलं होतं, लागली २६ वर्षं. तीस ते पन्नास हजार प्रयोग, आठ लाख पौंड लोखंड आणि पोलाद यांचा चुरा, दीड ते दोन लाख डॉलर खर्च. १९०६ मध्ये अमेरिकन सोसायटी ऑफ मेकॅनिकल इंजिनिअर्सचा अध्यक्ष या नात्यानं त्यानं हे सगळं मांडलं आणि आपलं समीकरण जन्माला आलं. बेथलेहेम स्टीलमध्ये असताना मॉन्सेल व्हाइटबरोबर त्यानं टूल स्टीलवर उष्णतेची प्रक्रिया करायची नवी पद्धत काढली. १९०० च्या पॅरिस प्रदर्शनात लोकांनी लालबुंद झालेलं टूल तरीही पोलाद कापताना पाहिलं आणि तोंडात बोटं घातली. आपलं हाय स्पीड स्टील ते हेच. नुसतं एवढंच केलं असतं तरी टेलर मोठा इंजिनिअर ठरला असता, आणि कुणाला त्याचा रागही आला नसता.

पण त्याला धातूइतकंच माणसाचं काम मोजायचं होतं. १८९८ मध्ये तो बेथलेहेमला गेला. तिथल्या यार्डातली व्यवस्था मला सगळ्यात इंटरेस्टिंग वाटते. सकाळी कामगार आला की त्याला दोन चिठ्ठ्या मिळत. एकीवर आज कुठलं हत्यार घ्यायचं आणि कुठे काम करायचं. दुसरीवर काल त्यानं किती काम केलं. ठरलेलं काम झालं नसेल तर चिठ्ठी पिवळी. यातल्या पुष्कळांना वाचता येत नव्हतं, पण रंग सगळ्यांना कळायचा. पिवळी वारंवार आली की या गँगमधून बाहेर.

जरा थांबून विचार करा. या एका सकाळी तीन काळ एकत्र आले आहेत. उद्याचं काम प्लॅनिंग रूममध्ये निदान एक दिवस आधी ठरतं. आजचं काम घड्याळावर चालतं. आणि कालचं काम चिठ्ठी बनून समोर येतं. त्याआधीच्या फोरमनकडे फक्त आज होता. तो ओरडायचा, शिव्या द्यायचा, तो गेला की काम मंदावायचं. मालकाकडे फक्त मागचा काळ होता, वर्षअखेरीच्या हिशोबाच्या वह्यांतला. तोटा झालाय हे कळेपर्यंत काहीच करता येत नसे. टेलरनं मागचं, आत्ताचं आणि पुढचं एकमेकांना जोडलं, आणि तेही एका दिवसाच्या आत. मॅनेजमेंट कंट्रोल म्हणजे काय, असं मला कुणी व्हायवात विचारलं तर मी व्याख्या न सांगता या दोन चिठ्ठ्या सांगेन. पुढे स्टँडर्ड कॉस्टिंग आलं, व्हेरिअन्स आले. आधी ठरवलेला आकडा एका बाजूला, झालेला आकडा दुसऱ्या बाजूला, आणि मधल्या फरकाला जबाबदार कोण हा प्रश्न. ते सगळं या पिवळ्या चिठ्ठीचंच मोठं रूप आहे. त्याचा सहकारी हेन्री गँट यानं वेळ आडव्या रेषेवर मांडला. तो गँट चार्ट तर आपण प्रोजेक्ट रिपोर्टमध्ये काढतोच.

याचे फायदे खरे होते, हे आधी सांगते. फावड्याचंच घ्या. यार्डात प्रत्येक जण आपापलं फावडं आणायचा आणि त्याच फावड्यानं हलका कोळसाही भरायचा आणि जड खनिजही. टेलरनं मोजून काढलं की एका फावड्याला सुमारे २१ पौंड वजन असलं की दिवसभरात जास्तीत जास्त काम होतं. मग कंपनीनं वेगवेगळ्या मालासाठी वेगवेगळी फावडी दिली. जड मालाला लहान, हलक्याला मोठं. यात कामगाराचाही त्रास वाचला. याला वाईट कोण म्हणेल?

पण त्याच यार्डातली दुसरी गोष्ट बघा. ती टेलरनं १९११ च्या आपल्या 'प्रिन्सिपल्स ऑफ सायंटिफिक मॅनेजमेंट' या पुस्तकात मोठ्या अभिमानानं सांगितली आहे. पिग आयर्नचे ठोकळे रेल्वेच्या वाघिणीत चढवायचे. एक ठोकळा ९२ पौंडांचा, म्हणजे जवळजवळ ४२ किलो. माणूस दिवसाला साडेबारा टन चढवायचा. टेलरच्या माणसांनी गणित करून सांगितलं की साडेसत्तेचाळीस टन चढवता येतील. त्यांनी एक कामगार निवडला. पुस्तकात त्याचं नाव श्मिट आहे, खरं नाव हेन्री नोल. त्याला सांगितलं की उचल म्हटलं की उचलायचं, बस म्हटलं की बसायचं. आणि त्यानं ४७.५ टन चढवले. मजुरी १.१५ डॉलरवरून १.८५ डॉलरवर गेली.

आपण इंजिनिअर आहोत, तर आकडे मांडूया. त्यांचा टन २,२४० पौंडांचा. म्हणजे १,०६,४०० पौंड. भागिले ९२. साधारण १,१५६ ठोकळे. दहा तासांच्या दिवसात दर ३१ सेकंदांना एक! काम ३.८ पट झालं आणि मजुरी १.६ पट. कंपनीला टनामागे आधी ९.२ सेंट मजुरी पडत होती, आता ३.९ सेंट. टेलरच्याच म्हणण्याप्रमाणे त्या गँगमधल्या आठांत फक्त एकाला हे झेपण्यासारखं होतं. उरलेल्या सातांचं काय? त्यांना दुसरं काम मिळेल, असं त्याचं उत्तर.

आणि तो ४७.५ चा आकडा आला कुठून? १९७४ मध्ये रेगे आणि पेरोनी या दोन अमेरिकन अभ्यासकांनी जुने कागद तपासले, तेव्हा कळलं की पुस्तकातली गोष्ट बरीच सजवलेली आहे. १८९९ मध्ये टेलरच्या दोन सहायकांनी दहा धट्टेकट्टे हंगेरियन कामगार निवडून त्यांना जमेल तितक्या वेगानं एक वाघीण भरायला लावली. साडेसोळा टन, १४ मिनिटांत. या वेगानं दहा तास केलं तर माणशी ७१ टन होतात. ते त्यांनी वर ओढून ७५ केले. मग विश्रांती आणि अडथळ्यांचे म्हणून ४० टक्के वजा केले. उरले ४५. झालं शास्त्र! ७१ चे ७५ का? ४० टक्केच का, ३० किंवा ५० का नाहीत? याचं मोजमाप कुठेच नाही. आणि त्या दहा जणांनी या दरानं काम करायला नकार दिला, तेव्हा त्यांना काढून टाकण्यात आलं. पुस्तकात ही दहा माणसं येत नाहीत.

हेन्री नोलबद्दलही एक गोष्ट राहवत नाही म्हणून लिहिते. टेलरनं त्याची तुलना बैलाशी केली आहे, असं काम करणारा माणूस मंद बुद्धीचाच असला पाहिजे म्हणून. पण त्याच पुस्तकात तोच टेलर सांगतो की हा माणूस संध्याकाळी मैलभर धावत घरी जायचा आणि स्वतः विकत घेतलेल्या जागेवर स्वतःच्या हातानं छोटं घर बांधायचा. दिवसाला ४७ टन लोखंड वाहून जो आपलं घर उभं करतो, त्याला मंद म्हणायचं? टेलरच्या घड्याळात नोलचे दहा तास होते. घर बांधणारे दोन तास त्याला दिसले, पण समजले नाहीत.

१९०१ मध्ये बेथलेहेमच्या व्यवस्थापनाशी खटके उडून टेलरला जावं लागलं. त्यानंतर त्यानं पगारी नोकरी केली नाही. पैसा भरपूर होता. पत्नी लुईस आणि दत्तक घेतलेली तीन मुलं यांच्याबरोबर तो फिलाडेल्फियात मोठ्या घरात राहायला लागला, येईल त्याला फुकट सल्ला देऊ लागला. गोल्फसाठी गवत कसं वाढवावं यावरही प्रयोग करायचा! १९१० मध्ये रेल्वेच्या भाडेवाढीविरुद्धच्या सुनावणीत वकील लुई ब्रँडाइस यांनी टेलरच्या पद्धतींना सायंटिफिक मॅनेजमेंट हे नाव चिकटवलं. या पद्धतींनी रेल्वे कंपन्यांचे रोजचे दहा लाख डॉलर वाचतील, असा दावा तिथे झाला. टेलर एका रात्रीत देशभर प्रसिद्ध झाला.

आणि पुढच्याच वर्षी ठेच लागली. ऑगस्ट १९११, वॉटरटाउन इथला सैन्याचा शस्त्रांचा कारखाना. फाउंड्रीत साचे करणाऱ्या मोल्डरच्या मागे स्टॉपवॉच घेऊन एक टाइम स्टडीचा माणूस उभा राहिला. मोल्डर चिडले, एकानं मोजून घ्यायला नकार दिला, त्याला कामावरून कमी केलं, आणि सगळे मोल्डर बाहेर पडले. संप आठवडाभरच चालला. पण त्यातली एक बारीक गोष्ट फार मोठी आहे. घड्याळवाल्या साहेबानं एका साच्याच्या कामाला २४ मिनिटं ठरवली होती. त्याच कामाची वेळ शेजारच्या एका कामगारानं आपल्या साध्या घड्याळावर गुपचूप टिपली. ती निघाली ५० मिनिटं!

दोघांपैकी खोटं कुणीच बोलत नव्हतं, हे महत्त्वाचं. एकानं लागलेला वेळ लिहिला. दुसऱ्यानं लागायला हवा होता तो वेळ लिहिला. मधली २६ मिनिटं फालतू आहेत की कामाचाच भाग आहेत, हे घड्याळ सांगत नाही. ते माणूस ठरवतो. आपल्या शीटवर तो कॉलम असतोच, परफॉर्मन्स रेटिंग. ऑब्झर्व्हड टाइम गुणिले रेटिंग म्हणजे नॉर्मल टाइम. ऑब्झर्व्हड टाइम आपण मिनिटाच्या शंभराव्या भागापर्यंत लिहितो आणि शेजारी रेटिंग १०० की ११० हे नुसतं बघून ठरवतो. पहिल्या आकड्याची अचूकता दुसऱ्याच्या अंदाजावर झाकण घालते. फाउंड्रीत आयुष्य काढलेल्या मोल्डरला हेच झोंबलं होतं. साचा कधीच न बनवलेला माणूस त्याला त्याचा वेळ सांगत होता.

अमेरिकन काँग्रेसनं चौकशी समिती नेमली. जानेवारी १९१२ मध्ये टेलरची चार दिवस साक्ष झाली. त्याचं म्हणणं असं होतं की सायंटिफिक मॅनेजमेंट म्हणजे घड्याळ नव्हे, बोनस नव्हे. ती दोन्ही बाजूंची मनोवृत्ती बदलणं आहे. केक कसा वाटायचा यावर भांडण्यापेक्षा तो इतका मोठा करायचा की भांडायचं कारणच उरू नये. मला वाटतं त्याचा यावर मनापासून विश्वास होता. पण लोकांनी मनोवृत्ती घेतली नाही, घड्याळ घेतलं. १९१५ पासून सैन्याच्या कारखान्यांत स्टॉपवॉच आणि बोनसवर पैसा खर्च करायला काँग्रेसनं बंदी घातली. ती बंदी थेट १९४९ पर्यंत टिकली!

गंमत म्हणजे ज्यांना टेलरनं चिडायला हवं तेच त्याच्या मागे गेले. लेनिननं आधी टेलरच्या पद्धतीला कामगारांची पिळवणूक म्हटलं आणि १९१८ मध्ये, सत्ता हातात आल्यावर, तीच अभ्यासून वापरली पाहिजे असं लिहिलं. म्हणजे मालक भांडवलदार असो की कामगारांचं सरकार, दुसऱ्याचा वेळ आपल्याला कळावा असं सगळ्यांनाच वाटतं.

आपल्या मुंबईलाही हे वारं लागलं. १९२० नंतर गिरण्यांत रॅशनलायझेशनच्या नावाखाली विणकरानं दोनऐवजी तीन माग सांभाळावेत अशा योजना आल्या. १९२८ मध्ये एप्रिल ते ऑक्टोबर सुमारे दीड लाख गिरणी कामगार संपावर गेले, त्यामागच्या कारणांत हे एक मोठं होतं. मग फॉसेट समिती बसली. प्रश्न वॉटरटाउनचाच होता. तिसरा माग सांभाळायला लागणारा वेळ कुणी मोजला आणि त्याचा फायदा कुणाला? पुढे १९६३ मध्ये मुंबईत पवईला नायटी ही इंडस्ट्रियल इंजिनिअरिंग शिकवणारी राष्ट्रीय संस्था निघाली, तीच २०२३ पासून आयआयएम मुंबई झाली. आणखी एक आपला धागा म्हणजे सुधीर कक्कर. मेकॅनिकल इंजिनिअर होऊन मग मनोविश्लेषणाकडे गेलेल्या या भारतीय अभ्यासकानं १९७० मध्ये टेलरच्या व्यक्तिमत्त्वावर पुस्तक लिहिलं. स्वतःच्या मनातल्या वादळाला शिस्त लावता लावता हा माणूस साऱ्या जगाला शिस्त लावायला कसा निघाला, हे त्यांनी उलगडलं. तो लाकडी टोकांचा पट्टा आठवतो ना?

टेलरची शेवटची वर्षं सुखाची नव्हती. पत्नी आजारी, टीका चहूकडून, आणि नावाखाली वाटेल ते खपवणारे एक्सपर्ट गावोगाव. व्याख्यानाच्या दौऱ्यावरून परतताना त्याला सर्दी झाली, तिचा न्यूमोनिया झाला. २१ मार्च १९१५ ला, एकोणसाठावा वाढदिवस झाल्याच्या दुसऱ्याच दिवशी, तो गेला. त्याच्या चरित्रात एक नोंद आहे. त्या पहाटे साडेचारच्या सुमारास नर्सला त्याच्या खोलीतून घड्याळाला किल्ली देण्याचा आवाज आला. थोड्या वेळानं ती आत गेली तेव्हा तो संपला होता.

आज पुष्कळ ठिकाणी स्टॉपवॉच घेऊन कुणी मागे उभं राहत नाही. ते काम स्कॅनर, कॉम्प्युटर आणि मोबाइल करतात. कॉल सेंटरमध्ये प्रत्येक कॉल किती सेकंदांचा झाला ते स्क्रीनवर दिसतं. घरी जेवण आणून देणाऱ्या मुलाच्या फोनवर मिनिटं उलटी पळत असतात. पिवळी चिठ्ठी आता सकाळपर्यंतही थांबत नाही, तिथल्या तिथे येते. टेलरला काल, आज आणि उद्या जोडायला एक रात्र लागायची. आता ती रात्रही उरली नाही, आणि त्या रात्रीत माणूस निदान आपलं घर बांधत होता.

मग टेलर चांगला की वाईट? मला विचाराल तर मी त्याला खलनायक म्हणणार नाही. फावड्याचा आकार त्यानं बदलला, हाय स्पीड स्टील दिलं, अंदाजाच्या जागी मोजमाप आणलं. ज्यानं स्वतः लेथवर हात काळे केले त्यालाच हे सुचू शकलं. त्याची चूक मोजण्यात नव्हती. मोजलेला आकडा म्हणजेच न्याय, आता बोलायचं काही उरलं नाही, असं मानण्यात होती. टूलचं आयुष्य समीकरणात बसतं, कारण टूल झिजलं की आपण ते पुन्हा ग्राइंड करतो. माणूस असा ग्राइंड करता येत नाही. आणि टूलला स्वतःचं घड्याळ नसतं, मोल्डरला असतं.

म्हणून मित्रांनो, उद्या कॅम्पसमधून कुठेतरी लागाल, पहिल्याच महिन्यात कुणीतरी हातात क्लिपबोर्ड आणि घड्याळ देईल. वेळ जरूर मोजा, नीट मोजा. फक्त रेटिंगच्या कॉलममध्ये आकडा भरायच्या आधी त्या मशिनवरच्या काकांना एकदा विचारा, की काका, तुमच्या घड्याळात किती झाले? दोन आकडे सारखे आले तर उत्तम. नाही आले, तर मधल्या मिनिटांत काय आहे ते समजून घेणं हे आपलं खरं इंजिनिअरिंग आहे.